अंग लुळं पडतं तेव्हा: कुठून पडलं हे ओळखणं आणि लुळं अंग सांभाळणं

मज्जारज्जू (धागाकर्ता)

२०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे (गिलियन-बारे सिंड्रोम, प्रतिपिंडं नसांवरच उलटून येणारा लुळेपणा) रुग्ण एकदम वाढले. तेव्हापासून पाय लुळे पडले की नातेवाईक पहिल्यांदा 'जीबीएस आहे का?' असंच विचारतात. त्याआधी सरसकट 'लकवा मारला' म्हणायचे. अंग कुठून लुळं पडलं हे बघायच्या आधीच नाव दिलं जातं आणि उपचार तर त्या 'कुठून'वरच ठरतो. पोटॅशियम उतरलेल्या माणसाला आयव्हीआयजीच्या (शिरेतून द्यायच्या प्रतिपिंडांच्या) बाटल्या लावून काही होत नाही. मण्यार चावलेल्या माणसाला एमआरआयच्या रांगेत ठेवलं तर श्वास रांगेतच थांबतो. म्हणून हा धागा काढतोय. जे रोज असे रुग्ण बघतात त्यांनी भर घालावी.

आधी थोडं मुळातलं. आपण काही करत नसतो तेव्हाही स्नायू पूर्ण सैल नसतो, त्यात थोडा ताण असतो. त्याला टोन म्हणतात. स्नायूच्या आत ताणाची खबर ठेवणारे बारीक तंतू असतात. स्नायू ओढला गेला की ते मज्जारज्जूला कळवतात आणि तिथल्या पुढच्या भागातली (पुढच्या शिंगातली) पेशी त्याच स्नायूला आखडायला लावते. गुडघ्याच्या वाटीखाली हातोडी मारली की पाय उडतो तो याच फेऱ्यामुळे. पेशी, नस, नस आणि स्नायू जिथे भेटतात तो सांधा, किंवा खुद्द स्नायू, यांपैकी कुठेही बिघाड झाला की अंग ढिलं पडतं. सहसा हातोडीचा झटकाही मंदावतो किंवा जातो. मेंदूकडून खाली येणारा मार्ग तुटला तर हा खालचा फेरा शाबूत असतो. तो सुरुवातीला गप्प होतो म्हणून अंग लुळं दिसतं, पण काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी जागा होतो आणि मग ताठरपणा येतो. पक्षाघाताच्या पहिल्या आठवड्यातला मऊ पडलेला हात दोन महिन्यांनी छातीशी आखडलेला दिसतो तो त्यामुळेच.

'अंग गळून गेलंय' ही तक्रार वेगळी. ताप, रक्त कमी असणं, झोप नसणं यात गळाल्यासारखं वाटतं, पण उठवलं तर माणूस उठतो. खरा लुळेपणा कामात दिसतो. उकिडवं बसून उठता येत नाही, केस विंचरताना हात वर राहत नाही, तर मांडी-खांद्याचे स्नायू गेलेत. चप्पल पायातून निसटते, तर घोट्याखालचे. पुढचा प्रश्न कधी चुकवू नका: चप्पल निसटलेली कळते का? कळते पण धरून ठेवता येत नाही, तर ताकद गेली आहे. घरी आल्यावर खाली बघून कळतं, तर संवेदनाही गेली आहे.

कोयनाकाठ

चप्पलवाला प्रश्न आकस्मिक विभागातल्या प्रत्येकाने पाठ करावा. त्याला तीन गोष्टी जोडते.

किती वेळात झालं? काही तासांत झालं तर पोटॅशियम, मण्यार, मज्जारज्जूवर आलेला दाब किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटणं. काही दिवस ते चार आठवड्यांत वाढत गेलं तर जीबीएस. महिने लागले तर तो निवांत तपासायचा विषय.

कुठून कुठे गेलं? जीबीएस बहुतेक वेळा पायापासून वर चढतो. मण्यार, नाग आणि बोटुलिझम (बोटुलिनम जंतूच्या विषाने येणारा लुळेपणा) डोळ्यांपासून खाली उतरतात: आधी पापण्या, मग गिळणं, आवाज, मान, शेवटी हातपाय. मायस्थेनियातही (नस-स्नायूच्या सांध्याचा आजार) पापणी आधी पडते, पण ती सकाळी बरी असते आणि संध्याकाळी पडते.

लघवी अडकली आहे का? दोन्ही पाय लुळे, लघवी तुंबलेली आणि बेंबीच्या किंवा छातीच्या एका रेषेखाली सगळं बधिर, असं असेल तर ताबडतोब मणक्याचा एमआरआय. पाय ढिले आहेत आणि हातोडीचे झटके नाहीत म्हणून 'हा जीबीएसच' असं समजून मज्जारज्जूवरची गाठ किंवा क्षयरोगाचा पू दोन दिवस तसाच राहतो. ही चूक वारंवार होते. धक्क्यातला (नुकताच दुखावून गप्प झालेला) मज्जारज्जूही झटके देत नाही, हे डोक्यात पक्कं हवं.

पाऊलवाट

ग्रामीण रुग्णालयात फुप्फुसाची क्षमता मोजायचं यंत्र नसतं. जीबीएसचा रुग्ण पुढे पाठवायचा की थांबवायचा हे कशावर ठरवायचं? ऑक्सिजन ९८ दाखवतो आणि रुग्ण बोलत असतो.

कोयनाकाठ

ऑक्सिजनच्या आकड्यावर बिलकूल विसंबू नका. यात फुप्फुस चांगलं असतं, भाता (श्वास ओढणारे स्नायू) थकत जातो. आकडा खाली येतो तोवर श्वासनळीत नळी घालायची वेळ उलटून गेलेली असते.

यंत्राशिवाय तीन गोष्टी बघा. पहिली: खोल श्वास घ्यायला सांगून एका श्वासात एक, दोन, तीन असे आकडे एका लयीत मोठ्याने म्हणायला लावायचे. धडधाकट माणूस ४०-५० सहज गाठतो. २०च्या खाली आला तर आयसीयू असलेल्या ठिकाणी हलवा. १०च्या आसपास थांबत असेल तर नळीची तयारी करूनच हलवा. दर चार तासांनी मोजा आणि कागदावर लिहा. ३२, २६, १९ असा उतार एकट्या आकड्यापेक्षा जास्त सांगतो.

दुसरी: उताणं झोपवून उशीवरून डोकं उचलायला सांगा. मानेचे स्नायू आणि श्वासपटल यांच्या नसा मानेतल्या शेजारशेजारच्या मण्यांतून निघतात, त्यामुळे मान गेली की श्वास फार लांब नसतो. तिसरी: चमचाभर पाणी. ठसका लागला, आवाज ओला झाला तर तोंडाने काहीही देणं बंद.

यंत्र असेल तिथे २०-३०-४०चा नियम. क्षमता किलोमागे २० मिलीच्या खाली, आत ओढायचा दाब ३०च्या आत, बाहेर फेकायचा दाब ४०च्या आत: यांपैकी काहीही झालं तरी धोक्याची पातळी.

मज्जारज्जू

जीबीएसबद्दल अजून थोडं, कारण चुकीच्या अपेक्षा खूप असतात. जुलाब किंवा घशाचा संसर्ग होऊन साधारण एक ते सहा आठवड्यांनी तो येतो. कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू त्यातला सगळ्यात ओळखीचा. पुण्यातही तो सापडला आणि म्हणून विहिरीच्या पाण्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. जंतूशी लढायला तयार झालेली प्रतिपिंडं नसांवरच उलटतात. पाठीतलं पाणी तपासलं तर प्रथिन वाढलेलं आणि पेशी जवळपास नसतातच, पण पहिल्या आठवड्यात ते नॉर्मल येऊ शकतं. नसांची विद्युत चाचणीही फार लवकर केली तर चकवते. निदान हातोडीने आणि इतिहासाने करायचं, रिपोर्टसाठी उपचार थांबवायचा नाही.

आयव्हीआयजी किलोमागे रोज ०.४ ग्रॅम, असे पाच दिवस. ६० किलोच्या माणसाला रोज २४ ग्रॅम, एकूण १२० ग्रॅम. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हायला हवं. रक्तातला प्लाझ्मा बदलणं तितकंच परिणामकारक आणि बहुतेक ठिकाणी स्वस्त. स्टिरॉइडचा जीबीएसमध्ये उपयोग नाही, तरी अजून दिलं जातं याचं मनापासून वाईट वाटतं. आणि नळी घालताना सक्सिनिलकोलीन (स्नायू सैल करणारं औषध) वापरू नका. नस तुटलेल्या स्नायूतून पोटॅशियम एकदम बाहेर पडतं आणि हृदय थांबतं.

लिंबोणी

पोटॅशियमचा विषय निघालाच आहे तर. पोटॅशियम उतरून येणाऱ्या लुळेपणाचं नेहमीचं चित्र असं: तरुण पुरुष, आदल्या रात्री लग्नात पोटभर गोडधोड जेवलेला किंवा दिवसभर अंगमेहनत केलेला. पहाटे उठतो तर पाय उचलत नाहीत. बोलणं, गिळणं, डोळे बहुधा ठीक. पोटॅशियम २.५च्या खाली. ईसीजीत टी लाट बसलेली आणि तिच्यामागे यू लाट. जेवणातल्या साखरेने इन्सुलिन वाढतं आणि ते रक्तातलं पोटॅशियम पेशींत ढकलतं. म्हणून पोटॅशियम कधीही डेक्स्ट्रोजमध्ये घालून देऊ नये, आणखी खाली जातं. सलाइनमध्येच द्यावं.

बाजारातली नेहमीची १० मिलीची कुपी २० मिलीइक्विव्हॅलंटची (पोटॅशियम मोजायचं एकक) असते. ५०० मिली सलाइनमध्ये एक कुपी नीट हलवून मिसळून दोन तासांत द्या, म्हणजे ताशी १० होतं. हातातल्या शिरेतून याहून घाई नको. सरळ शिरेत ढकललेली कुपी म्हणजे मृत्यू. गिळता येत असेल तर सिरप, १५ मिलीत २० मिलीइक्विव्हॅलंट, पाणी घालून. दर दोन-तीन तासांनी पुन्हा तपासा, कारण पेशींत लपलेलं पोटॅशियम परत बाहेर येतं आणि पातळी उसळी मारते. चढत नसेल तर मॅग्नेशियम बघा.

घरी पाठवताना टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) केल्याशिवाय सोडू नका. थायरॉइड जास्त असल्याने येणारा लुळेपणा थायरॉइड आटोक्यात येईपर्यंत पुन्हा येतो. जुलाब, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, मूत्रपिंडातून आम्ल बाहेर न जाण्याचा आजार, हेही विचारात घ्या.

सह्याद्रीवाट

पावसाळ्यात, जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला माणूस, पहाटे पोटात कळ किंवा घसा दुखतो म्हणून उठतो, उजाडेपर्यंत पापण्या पडतात: मण्यार. कोकणात आणि घाटाखाली तरी हा विचार पहिला. दंश दुखत नाही, सूज नाही, खूण बहुतेक वेळा दिसतच नाही. 'साप चावला का' विचारलं तर घरचे नाही म्हणणार. 'कुठे झोपला होता' हे विचारा.

२० मिनिटांची रक्त गोठायची चाचणी इथे नॉर्मल येते, कारण मण्यारीचं विष रक्ताला हात लावत नाही. ती नॉर्मल आली म्हणून सर्पदंश नाही असं ठरवून घरी पाठवलेले लोक दगावतात. प्रतिविष १० कुप्या. ते नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच असतं. ॲट्रोपिन ०.६ मिग्रॅ शिरेतून देऊन नीओस्टिग्मिन १.५ मिग्रॅ स्नायूत द्या आणि अर्ध्या तासाने पापणी किती उघडते ते मोजा. नागाच्या दंशात पापणी वर येते. मण्यारीत सहसा येत नाही, कारण तिचं विष नसेची टोकंच नासवतं. ती परत तयार व्हायला दिवस लागतात, तेवढे दिवस श्वास यंत्राने द्यायचा. रुग्णवाहिकेत अंबू पिशवी (हाताने श्वास द्यायची) दाबणारं माणूस बरोबर असलं तर हा रुग्ण वाचतो.

एक गोष्ट फार कळकळीने सांगते. या विषात बाहुल्या मोठ्या होऊन उजेडालाही हलत नाहीत, एक बोट हलत नाही, हातोडीचे झटके नाहीत. मेंदू मेल्यासारखं दिसतं. पण तो माणूस ऐकत असतो. त्याच्या खाटेशी उभं राहून 'काही उरलं नाही' असं बोलू नका. काय करणार आहात ते आधी सांगून मगच सुई टोचा, झोपेचं औषध सुरू ठेवा आणि पापण्या बंद करून चिकटपट्टी लावा, नाहीतर बुबुळ कोरडं पडून जखम होते.

पाऊलवाट

कीटकनाशक घेतलेल्यांचंही इथेच नोंदवून ठेवतो. लाळ-घाम थांबला, बाहुल्या ठीक झाल्या, रुग्ण बोलायला लागला की नळी काढून वॉर्डात हलवतात आणि पहिल्या ते चौथ्या दिवसाच्या मध्ये श्वास बंद पडतो. वर कोयनाकाठ यांनी लिहिलेली उशीची चाचणी इथे सकाळ-संध्याकाळ करायची. डोकं उचलता आलं नाही की परत आयसीयू. ॲट्रोपिन या टप्प्याला थांबवू शकत नाही, यंत्रच लागतं.

गावकूस

१५ वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय नव्याने लुळा पडला तर निदान काहीही असो, आरोग्य खात्याला कळवायचं, पोलिओ नाही ना हे बघायला. जीबीएस आहे हे डॉक्टरांना शंभर टक्के माहीत असलं तरी. भारतात रानटी पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ला हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. ते टिकतंय ते या कंटाळवाण्या कळवण्यामुळेच.

शौचाचे दोन नमुने, मध्ये किमान २४ तास, लुळेपणा सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत. प्रत्येक नमुना अंगठ्याच्या पेराएवढा, ८ ते १० ग्रॅम. बाटली बर्फात, २ ते ८ अंशांत, प्रयोगशाळेपर्यंत. आपल्याकडचे नमुने मुंबईच्या परळच्या प्रयोगशाळेत जातात. ६०व्या दिवशी मुलाला पुन्हा बघायचं: लुळेपणा उरलाय का, पाय बारीक झालाय का. नमुना सापडला नाही म्हणून एनिमा देऊ नका, नमुना पातळ होतो.

आणि कुल्ल्यात इंजेक्शन देऊन एक पाय लुळा पडलेली मुलं अजून येतात. सुई सायॅटिक नसेत (कुल्ल्यातून पायात जाणारी मोठी नस) किंवा तिच्याजवळ जाते. लहान मुलाला इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यभागी. यात कुणालाही सूट नाही.

अंगाई

तान्ह्या बाळांकडे येऊ या, कारण तिथे 'ढिलं' हा शब्द सगळ्यात उशिरा उच्चारला जातो. बाळ गुटगुटीत आहे, शांत आहे, रडत नाही म्हणून कौतुक होत राहतं.

चार गोष्टी घरीही दिसतात. उताणं झोपवल्यावर मांड्या बेडकासारख्या बाहेर पडून गादीला टेकलेल्या. दोन्ही हात धरून हलकेच बसतं करताना डोकं मागे लोंबकळतं. काखेत हात घालून उचललं तर हातातून निसटल्यासारखं होतं. पोटाखाली तळहात घालून आडवं धरलं तर ओला टॉवेल टाकावा तसं दोन्हीकडे पडतं. मान चौथ्या महिन्यापर्यंत धरायला हवी आणि आधाराशिवाय बसणं नवव्यापर्यंत. 'वडीलही उशिरा चालले होते' हे उत्तर या मुदतीनंतर स्वीकारू नका.

तपासताना बाळाचा चेहरा बघा. डोळे तेजदार, ओळखीचं हसू, पण हातपाय हलत नाहीत आणि हातोडीचे झटके नाहीत, तर बिघाड खालच्या फेऱ्यात. बाळ मंद, नजर देत नाही, हातोडीचे झटके मात्र आहेत किंवा वाढलेले, तर मेंदूत. ही वाटणी शंभर टक्के नाही, पण पहिली तपासणी कोणती करायची ते ठरवते.

पहिल्या गटात एसएमएचा (मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या पेशी मरत जाण्याचा जनुकीय आजार) विचार सगळ्यात आधी. जीभ बाहेर न काढता तोंडातच बघा, कडेला बारीक थरथर दिसते, जणू कातडीखाली किडे चाललेत. छाती वर घंटेसारखी निमुळती, आणि श्वास घेताना पोट फुगतं तेव्हा छाती आत जाते. एसएमएन१ जनुकाची रक्ततपासणी करा. स्नायूचा तुकडा काढायची आता गरज नाही. औषधं आली आहेत (न्युसिनर्सेन, जनुक उपचार, तोंडाने द्यायचं रिस्डिप्लाम), महाग आहेत, पण गेलेली पेशी परत आणत नाहीत. म्हणून आठवडा-आठवडा मोलाचा. आईवडील दोघेही वाहक असतात, पुढच्या प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता. ते पहिल्याच भेटीत सांगावं, आणि आईचा दोष नाही हेही त्याच वाक्यात.

दुसऱ्या गटात डाउन सिंड्रोम, जन्मताना गुदमरणं, प्रेडर-विली (एक जनुकीय आजार). थायरॉइड कमी असणं दोन्ही गटांत तपासा, कारण तेवढं एक गोळीने बरं होतं आणि उशीर झाला तर बुद्धी जाते.

लिंबोणी

अंगाई, मधाबद्दल लिहा ना. बाळगुटी मधात उगाळतात, बारशाला चाटवतात.

अंगाई

एक वर्षाखाली मध अजिबात नाही, बोटाला लावूनही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनमची बीजं असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ती रुजत नाहीत, तान्ह्याच्या रुजतात आणि तिथेच विष तयार होतं. आधी बद्धकोष्ठ, मग दूध ओढणं कमी, रडणं बारीक, पापण्या पडलेल्या, मान गेलेली. मध उकळूनही बीजं मरत नाहीत. यात जेंटामायसिनसारखी प्रतिजैविकं टाळा, नस-स्नायूचा सांधा आणखी दुबळा होतो.

रानहळद

स्नायू नाही पण जवळचा प्रश्न. बाळंतपणानंतर पोट सैल राहणं आणि 'अंग बाहेर येणं' हे या धाग्यात बसतं का?

तुळशीवृंदावन

बसतं, पण गोष्ट वेगळी. तिथे नस बहुधा शाबूत असते, ताणलं गेलेलं ऊतक आणि ओटीपोटाचा तळ सैल पडलेला असतो. पोटाचं बघायचं तर उताणं झोपून गुडघे वाकवून डोकं थोडं उचला आणि बेंबीच्या वर-खाली मधोमध बोटं आडवी ठेवा. दोन बोटांहून जास्त फट असेल तर झोपून पूर्ण उठून बसायचे व्यायाम आणि जड उचलणं थांबवून आधी आतले स्नायू शिका.

तळासाठी: वायू रोखताना आवळतो तो स्नायू आवळून वर ओढा, ६ ते ८ सेकंद धरा, तेवढाच वेळ पूर्ण सोडा. असे ८ ते १२, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. श्वास रोखायचा नाही आणि पोट, मांड्या, कुल्ले गप्प हवेत. लघवी मध्येच थांबवून हा व्यायाम करू नये. बाहेर काही आल्यासारखं हाताला लागत असेल तर तपासणी करून घ्या. शस्त्रक्रियेआधी रिंग बसवण्याचा साधा पर्यायही असतो. आणि बायका हे वर्षानुवर्षं लपवतात, म्हणून विचारल्याबद्दल बरं वाटलं.

सांधेवाट

आता लुळं अंग सांभाळण्याबद्दल. नस किंवा मेंदू आपल्या गतीने परत येईल, पण सांधा आणि कातडी तेवढं थांबत नाहीत. पक्षाघातात सगळ्यात जास्त नुकसान खांद्याचं होतं आणि ते बहुतेक आपणच करतो.

खांद्याची खोबण उथळ असते. दंडाचं हाड तिथे टिकतं ते वरच्या आणि मागच्या स्नायूंनी धरून ठेवल्यामुळे. ते लुळे पडले की तीन-चार किलोंचा हात खाली लोंबतो, हाड खाली उतरतं. रुग्णाला बसवून हात मोकळा सोडा, खांद्याच्या हाडाच्या टोकाखाली बोट ठेवा. खाच लागते: अर्धं बोट, एक बोट, दीड. पहिल्या दिवशी मोजून लिहून ठेवा.

रुग्णाला उठवताना लुळा हात किंवा काख धरून ओढू नका. कमरेला जुन्या साडीची घडी घट्ट बांधा आणि ती धरून उठवा. बसलेला असताना कोपरापासून तळहातापर्यंत पूर्ण हात मांडीवरच्या उशीवर किंवा समोरच्या टेबलावर, बोटं उघडी. गळ्यातली झोळी फक्त उभं राहताना आणि चालताना. दिवसभर घातली तर कोपर वाकलेलं आणि हात पोटाशी चिकटलेला राहतो. झोपताना लुळ्या बाजूच्या खांद्याच्या पात्याखाली घडी केलेला टॉवेल, म्हणजे खांदा मागे पडत नाही. लुळ्या कुशीवर झोपवायला हरकत नाही, उलट चांगलं, फक्त खांदा आधी पुढे ओढून घ्या म्हणजे वजन पात्यावर येतं, सांध्यावर नाही.

हात हलवून देताना एका हाताने पातं धरा, तळहात वरच्या दिशेने फिरवा आणि ९० अंशांच्या वर नेऊ नका, जोवर पातं बरोबर वळत नाही. छताला टांगलेली कप्पी आणि दोरी यांनी चांगल्या हाताने लुळा हात वर ओढण्याचा व्यायाम लुळ्या खांद्याला नकोच. मधले स्नायूबंध चिरडतात आणि मग असं दुखतं की रुग्ण सगळा व्यायामच नाकारतो.

सदरा घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी. एवढ्याने निम्मी ओढाताण वाचते.

रानहळद

मशीनने स्नायूला करंट देण्याचा उपयोग होतो का? आणि मालिश?

सांधेवाट

करंटचा उपयोग लवकर सुरू केला तर होतो. एक पट्टी पात्याच्या काट्याच्या वरच्या खोबणीत, दुसरी दंडाच्या मागच्या बाजूला. वारंवारता ३० ते ३५ हर्ट्झ, १० सेकंद चालू, १५ सेकंद बंद, अर्ध्या तासापासून वाढवत. खाच भरताना बोटाला जाणवली पाहिजे. खांदा कानाकडे उचलला जात असेल तर पट्टी मानेच्या स्नायूवर गेली आहे, खाली सरकवा. पेसमेकर असेल तर नाही.

हे मेंदूच्या कारणाचं सांगितलं. नसच तुटलेली असेल (दुचाकीच्या अपघातात मानेतल्या नसांचा झुबका तुटतो तशी) तर हिशेब वेगळा. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते आणि दीडेक वर्षात ती पोचली नाही तर स्नायूत चरबी आणि तंतुमय ऊतक भरतं, मग पोचूनही उपयोग नाही. तीन महिन्यांत काही परतलं नाही तर नसांच्या शल्यचिकित्सकाकडे पाठवा, 'वाट बघू' म्हणू नका.

मालिश हलकी, बोटांकडून खांद्याकडे, सुजेसाठी. चोळणं, खेचणं, कट्ट आवाज काढणं नको. गरम पाण्याची पिशवी बधिर अंगावर नको, भाजलेलं कळत नाही. हातात चेंडू देऊन दाबत राहायला सांगतात. हालचालच नसेल तर त्याने काही होत नाही, आणि हालचाल यायला लागली की आखडणारे स्नायूच बळकट होतात. बोटं उघडायचा सराव हवा. पहिल्या ७२ तासांत खांदा थोडा बाजूला उचलता येणं आणि बोटं थोडी उघडणं दिसलं तर सहा महिन्यांत हात कामाला येण्याची आशा पुष्कळ वाढते, ते रोज तपासा.

मज्जारज्जू

त्याच ७२ तासांतल्या पहिल्या साडेचार तासांबद्दल: तोंड वाकडं, हात पडला, बोबडी वळली की सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात. लकव्याच्या झाडपाल्यासाठी लांबच्या गावी गाडी करून नेण्यात गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची वेळ जाते. घरी बीपीची गोळी जिभेखाली देऊ नका.

पाऊलवाट

सांधेवाट, घरी एकटी वयस्क बायको असते. ७० किलोच्या माणसाची कूस रात्री कशी बदलायची?

सांधेवाट

उचलायचं नाही, लोळवायचं. खाटेवर आडवी घडी केलेली जाड चादर आधीपासून अंथरून ठेवा, खांद्यापासून मांडीपर्यंत. ज्या कुशीवर वळवायचं त्या बाजूला त्यांनी उभं राहायचं. रुग्णाने चांगल्या हाताने लुळ्या हाताचं मनगट धरून दोन्ही हात छातीसमोर सरळ करायचे. दोन्ही गुडघे वाकवून पाय गादीवर. लुळा गुडघा बाहेर पडत असेल तर दोन्ही गुडघ्यांभोवती पंचा सैलसा गुंडाळा. मग आधी गुडघे आपल्याकडे झुकवायचे, कंबर आपोआप येते, आणि शेवटी चादरीची पलीकडची कड खांद्याजवळ धरून ओढायची. लुळा हात वरच्या बाजूला आला तर छातीसमोर उशीवर ठेवा. पाठीमागे उशी, दोन गुडघ्यांमध्ये उशी.

दर दोन तासांनी. रात्री गजर लावूनही जमत नसेल तर हवेची गादी घ्या, तरीही तीन-चार तासांनी वळवणं चुकत नाही. प्रत्येक वेळी माकडहाड, कमरेचं बाहेरचं हाड आणि घोटा बघा. लाल डाग बोटाने दाबला आणि पांढरा झाला नाही तर त्या कुशीवर परत झोपवू नका, आणि तिथे चोळूही नका. पोटरीखाली घडी केलेला टॉवेल घाला, म्हणजे टाच हवेत राहते. टाचेखालून हात सहज गेला पाहिजे.